नानाचं छप्पर

आमच्या गावात कुणी मोठी थाप मारली की अजूनही म्हणतात, ‘‘हे नानाचं छप्पर झालं.’’ आताच्या पोरांना नाना कोण ते ठाऊक नाही आणि छप्पर कसलं ते तर त्याहून नाही. तरी म्हणतात. परवा सोसायटीच्या सभेत चेअरमननं नव्या गोदामाचा आकडा सांगितला, तर मागनं एकजण ओरडलाच, ‘‘नानाचं छप्पर!’’ सगळे हसले. मीही हसलो. नाना म्हणजे माझे वडील आणि छप्पर होतं कराचीला.

नाना १९४२ साली पलटणीत गेले. आमच्या कोरेगावच्या बाजूला त्यात नवल नव्हतं. चार भाऊ, तीन एकर कोरडवाहू आणि पाऊस लहरी. सातारा जिल्ह्यात अशा घरातला एक पोरगा पलटणीत जायचाच. नानांना मराठा पलटणीत जायचं होतं, पण उंची बोटभर कमी भरली. साहेबानं त्यांना सर्व्हिस कोअरमध्ये ढकललं. बैलगाडीखेरीज काही हाकलेलं नव्हतं, तो माणूस सहा महिन्यांत तीन टनी ट्रक चालवायला लागला. तिथंच ते अक्षर शिकले. तेही कोणतं, तर रोमन. इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवत. त्यामुळे आमच्या नानांना मराठी पेपर अडखळत वाचता यायचा, पण ए-बी-सी-डी फाडफाड. गावाला याचंही हसू यायचं.

१९४३ मध्ये त्यांची गाडी कराचीला गेली. किआमारी बंदरात जहाजं लागायची. त्यांतून निघालेला माल विमानतळाकडं न्यायचा, हे काम. रस्त्यानं उंटगाड्या. मालात निम्मं अमेरिकनांचं. त्या वेळी अमेरिकेची विमानं, माणसं, सामान तिथं उतरून पुढं आसाम, ब्रह्मदेश, चीनकडं जायचं. आणि त्या विमानतळाच्या कडेला ते छप्पर. तिथले लोक त्याला ‘काला छपरा’ म्हणत.

नाना सांगायला लागले की मला अजून तो आवाज ऐकू येतो. ‘‘सकाळी बंदरातनं लोड घेऊन निघालं की रस्ता सपाट. झाड न्हाई, टेकाड न्हाई. आधी लांबवर काळा ठिपका दिसायचा. मग पेटी. मग डोंगर. आन् डोंगर म्हणावं तर त्येला दरवाजा.’’

पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारायचं, ‘‘केवढं म्हनं?’’

‘‘आपलं गाव बसंल. वेशीपासनं शाळेपतूर. मारुतीचं देऊळ शिखरासकट आत ठेव, त्याच्यावर आणिक चार देवळं रच, तरी वर कबुतरं उडत्यात.’’

‘‘आन् आत काय व्हतं रं नाना?’’

‘‘काय न्हाई. खोकी.’’

माझ्या चुलत्यांनी मला सांगितलेलं आहे की पहिली दोन-तीन वर्षं नाना असंच सांगायचे. खोकी. खोक्यांत जीपगाड्या सुट्या करून भरलेल्या, विमानांचे पंख, टायर. लोकांचा चेहरा पडायचा. एवढं डोंगराएवढं छप्पर आणि आत खोकी? मग लोक उठायचे, कुणी म्हशीचं निघायचं, कुणी मोटेचं.

असं किती दिवस चालणार? एकदा नानांनी छपरात विमान घातलं. साधं नव्हे. हवेचं. भोपळ्यासारखं लांबुळकं, चांदीच्या रंगाचं, आगबोटीएवढं. खाली माणसांसाठी खोल्या. शंभर गोरे दोर धरून ते बाहेर काढतात आणि ते आवाज न करता वर जातं. हे त्यांना कुठं कळलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिथल्या कुणा जुन्या हवालदारानं छप्पर कशासाठी बांधलं ते सांगितलं असणार. नानांनी फक्त ‘मी पाहिलं’ एवढं जोडलं. त्या दिवसापासून पारावरून कुणी मधेच उठलं नाही.

जीपचं इथं सांगितलं पाहिजे, कारण छपराची गोष्ट आम्हा पोरांना जीपमध्येच ऐकायला मिळायची.

लढाई संपली तेव्हा सरकारनं लष्करी गाड्या लिलावात काढल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. डिस्पोजलची कांबळी, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची जीप. कोरेगावच्या एका व्यापाऱ्यानं अशी एक जीप घेतली आणि १९४६ साली सुटून आलेले नाना तिच्यावर ड्रायव्हर म्हणून राहिले. माझा जन्मही सेहेचाळीसचाच, म्हणून घरात म्हणायचे, पोरगा आणि गाडी जोडीनं आले. १९४८ साली एसटी सुरू झाली, पण आमच्या फाट्यापर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली. तोवर वाघ्या घेवड्याची पोती, गुळाच्या ढेपा, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सगळं त्या जीपमधून. पुढं व्यापाऱ्याचा धंदा बसला आणि थकलेल्या पगारापोटी ती जीप नानांच्या गळ्यात पडली. आई म्हणाली, बैल मागायचा होता.

त्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. सीट उचलायची, झाकण काढायचं, पेट्रोल ओतायचं, सीट ठेवायची आणि वर बसायचं. विडी ओढणारा माणूस नाना शेजारी बसू देत नसत. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे दिवे असे की दिवा लागलाय का बघायला काडी ओढावी लागेल. हिवाळ्यात हँडल मारावं लागायचं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा उलट गुंडाळायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठा जातो. हे मी आठव्या वर्षी शिकलो. पाढे त्यानंतर.

सगळं गाव त्या जीपला ‘विलीस’ म्हणायचं. नाना म्हणायचे, ‘‘ही विलीस न्हवं, फोर्ड हाय.’’ लोक आणखी हसायचे. छपरावर आता फोर्डही आली! नाना म्हणायचे, बोल्टावर एफ काढलेला असतो, फोर्डवाल्यांनी प्रत्येक बोल्टावर काढला आहे. पण बोल्टावर चिखल, ग्रीस आणि गंज यांचे इतके थर की तिथं एफ काय, बोल्टाची कडसुद्धा दिसायची नाही.

आता सांगायचं ते जड जातं.

मी तेरा वर्षांचा असताना शाळेत नवे गुरुजी आले. वाचणारे माणूस. एकदा वर्गात विमानाचा धडा चालू होता तेव्हा मी हात वर करून नानांचं चांदीचं विमान सांगितलं, मोठ्या ऐटीत. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, असं एक जहाज इंग्रजांनी बांधलं होतं हे खरं. आर-१०१ त्याचं नाव. ते विलायतेहून कराचीला यायला निघालं आणि ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये पडून जळालं. ५४ माणसांतली ४८ गेली, त्यात इंग्रजांचा विमानखात्याचा मंत्रीही होता. ते हिंदुस्थानात कधी आलंच नाही. मग तुझ्या वडिलांनी १९४३ मध्ये कसं पाहिलं?

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मी संध्याकाळी घरी न जाता पारावर गेलो. नाना बसले होते, भोवती आठ-दहा माणसं होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘नाना, ते विमान जळालं. तुमच्या लढाईच्या आधी तेरा वर्षं. कराचीत आलंच न्हाई. गुरुजींनी सांगितलं. तुमी खोटं बोलता. छप्परबी खोटं.’’

छप्पर खोटं आहे असं गुरुजी बोलले नव्हते. ते माझं.

नाना काही बोलले नाहीत. चंची गुंडाळली, उठले, घराकडं गेले. त्यानंतर त्यांनी कराचीचा विषय पारावर कधी काढला नाही. गावानं मात्र काढला. तिथून ती म्हण सुरू झाली. माझ्या तोंडातून निघालेली आहे ती, हे गावात कुणाला आठवत नाही, मला आठवतं.

१९६४ मध्ये मीही भरती झालो. उंची माझी पुरी भरली होती, पण डॉक्टरनं पाय सपाट आहेत म्हणून शेरा मारला आणि मी नानांच्याच खात्यात गेलो. आता नाव नुसतं आर्मी सर्व्हिस कोअर. बंगलोरला ट्रेनिंग. उस्ताद डबल क्लच शिकवायला लागला तेव्हा मी पहिल्याच फेरीत बिनआवाजाचा गिअर टाकला. त्यानं विचारलं, कुठं शिकलास? म्हटलं, वडिलांकडं. तो म्हणाला, फौजी असणार. पुढं एका वर्कशॉपच्या दारात गाडी लावून बसलो होतो. कारागीर एक जुनी जीप उघडत होता. त्यानं रॉकेलच्या डब्यात टाकलेले बोल्ट काढून फडक्यावर मांडले. प्रत्येकाच्या डोक्यावर एफ. बोटाच्या नखाएवढा, स्वच्छ. मी बराच वेळ बघत राहिलो. कारागिराला वाटलं, मी बोल्ट पळवणार आहे.

त्या सुट्टीत मी नानांना एफचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग? मी काय म्हनत व्हतो?’’ छपराचं ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

१९७१ च्या डिसेंबरात आमच्या गाड्या बाडमेरच्या बाजूला होत्या. गडरा रोड, मुनाबाव, हद्द ओलांडून खोखरापार आणि पुढं नया छोरच्या दिशेनं. म्हणजे सिंधमध्ये. माझ्या गाडीत पाणी होतं. लढाईच्या गोष्टीत पाण्याची गाडी कुणी सांगत नाही, पण त्या वाळूत शिपाई गोळीवाचून एक दिवस काढील, पाण्यावाचून नाही. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. तरी रुतायचाच. मग फावडी, जाळ्या, धक्का. दिवसा वरून त्यांची विमानं, म्हणून रात्री बिनदिव्याचं चालायचं. पुढच्या गाडीच्या मागं चुना लावलेला असायचा, त्या पांढऱ्यावर नजर ठेवायची. एका रात्री माझी गाडी अशी रुतली की पहाटेपर्यंत निघाली नाही आणि दिवसभर मी तिच्याखाली पालथा पडून राहिलो. विमानं दोनदा येऊन गेली. मी बंदूक उचललीही नाही. पाण्याचं एक पिंप फुटलं. माझी लढाई ती एवढी.

तिथं, छप्पन एपीओच्या पत्त्यावर, नानांचं कार्ड आलं. अक्षर धाकट्या भावाचं होतं. रेडिओवर कराचीच्या बंदरावर आपल्या आरमारानं हल्ला केल्याचं आणि तेलाच्या टाक्या पेटल्याचं त्यांनी ऐकलं होतं. कार्डात गाईचं, पावसाचं, आईच्या गुडघ्याचं होतं आणि शेवटी दोन ओळी : किआमारी पेटली असं सांगतात. काळा छपरा तिथून दहा-बारा मैल आत आहे, त्याला धग लागायची नाही असं वाटतं. तुमची पलटण तिकडं गेली तर बघून कळवणे.

बारा वर्षांनी त्यांनी तो शब्द उच्चारला होता.

आम्ही काही तिकडं गेलो नाही. नया छोरच्या अलीकडंच १७ डिसेंबरला लढाई थांबली. पुढं सिमल्याचा करार झाला आणि ती सगळी वाळू आम्ही परत दिली.

बहात्तरच्या उन्हाळ्यात मी रजेवर आलो. पारावर सगळे जमले. फेटा बांधला, नारळ दिला. मग विचारायला लागले. कराचीपतूर गेलता का? किती मारलं? मी म्हणालो, आम्ही पाणी पोचवत होतो. एकदोघांनी माना हलवल्या. मागचा एक उठायला लागला. मला ते दिसलं. आणि मी म्हणालो, ‘‘कराची जळताना बघितली आमी. रातच्याला टेकडावर चढलो की आभाळ लाल.’’

उठलेला माणूस बसला.

नाना एका कडेला तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘‘कंच्या अंगाला?’’

‘‘मावळतीला,’’ मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता.

‘‘बराबर,’’ नाना म्हणाले. ‘‘तिकडंच येती. वाळूत उजेड लांबपतूर दिसतो.’’

फौजी बापानं साक्ष दिली म्हटल्यावर प्रश्नच मिटला. ती गोष्ट गावात खरी म्हणून आजही सांगतात, तिची म्हण झाली नाही.

रात्री आम्ही दोघं अंगणात आडवे झालो होतो. बराच वेळ गेला. मला वाटलं, ते झोपले. मग अंधारातून आवाज आला, ‘‘नया छोरपासनं कराची पावणेदोनशे मैल तरी आसंल.’’ मी काही बोललो नाही. ‘‘झोप आता,’’ ते म्हणाले.

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. त्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी, रजा दीड महिन्याची होती. नाना १९७९ मध्ये गेले.

मी १९८१ मध्ये पेन्शनवर घरी आलो तेव्हा जीप गोठ्यात उभी होती, आत कोंबड्या. तिला सहा व्होल्टचा डायनॅमो हवा होता. सातारा, पुणे फिरलो, मिळाला नाही. कुणी म्हणालं, उल्हासनगरला जा, सिंध्यांकडं मिळंल. उल्हासनगर म्हणजे मुळात लढाईच्या दिवसांतली कल्याणची लष्करी छावणीच, फाळणीनंतर तिच्या बराकींत निर्वासित उतरले. अशाच एका बराकीच्या पुढं काढलेल्या दुकानात माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे गृहस्थ बसले होते. मागं भिंतीवर झुलेलालची तसबीर. बोलता बोलता कळलं, कराचीचे. मी हिंदीत विचारलं, ‘‘शेटजी, काला छपरा नाव ऐकलंय का?’’

त्यांनी हातातला डायनॅमो खाली ठेवला. ‘‘तू कुठला रे, काला छपरा माहीत असणारा?’’

लहानपणी मलीरकडून गाडीनं येताना ते आधी दिसायचं, म्हणाले. ते दिसलं की आई पोरांची तोंडं पुसायला घ्यायची, कारण कराची आली. मी विचारलं, किती मोठं होतं? त्यांनी दोन्ही हात पसरले, मग ते पुरेनात म्हणून खाली सोडले. आत काय होतं? म्हणाले, ‘‘कुछ भी नहीं. खाली था.’’ डायनॅमोचे पैसे मात्र त्यांनी एक रुपयाही कमी केले नाहीत.

पुढं मी जमेल तिथून वाचत गेलो. विलायतेत लोखंडाचे भाग घडवून ते बोटीनं आणले आणि कराचीच्या माळावर उभे केले. लांबी सुमारे साडेआठशे फूट, उंची एकशे सत्तर. ज्याच्यासाठी बांधलं ते जहाज ७७७ फूट. ते जळाल्यावर इंग्रजांनी तो नादच सोडला आणि हे रिकामं उभं राहिलं. मग लढाईत गोदाम म्हणून कामाला आलं. जहाज जिथून निघालं, त्या विलायतेतल्या कार्डिंग्टन गावची अशीच दोन छपरं, त्यातलं एक पहिल्या महायुद्धात बांधायला घेतलेलं, आजही उभी आहेत. कराचीचं मात्र साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच पाडून भंगारात गेलं. म्हणजे नानांनी कार्डात त्याची चौकशी केली तेव्हा ते जागेवर नव्हतं. मला हे आधी कळलं असतं तरी मी त्यांना कळवलं नसतं.

एका पहाटे, कुणी उठायच्या आत, मी वेशीपासून शाळेपर्यंत पावलं मोजली. तीनशे तीस. माझं पाऊल अडीच फुटांचं, परेडमध्ये तीस इंचांचंच घालायला लावतात. हिशेब करा. नाना एक फूटही फुगवून बोलले नव्हते. देवळाचं तेवढं मोजलं नाही, पण शिखर तीस फुटांच्या वर नाही. चार देवळं सहज बसतात.

गेल्या दिवाळीला नातू पुण्याहून आला होता. मी त्याला सांगितलं तसं त्यानं दोन मिनिटांत फोनवर छपराचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. सपाट माळ, आणि त्यावर ते. दारापाशी काळे ठिपके, बोटांनी मोठं केलं तर माणसं. मी पहिल्यांदाच पाहत होतो. नानांनी सांगितलं होतं अगदी तसं, फक्त फोटोत ते काळं नाही, करडं दिसतं.

‘‘आजोबा, आत काय होतं?’’ त्यानं विचारलं.

‘‘खोकी,’’ मी म्हणालो. ‘‘जीपा, टायर, विमानांचे पंख.’’

तो थोडा थांबला. ‘‘एवढंच?’’

मी त्याला गोठ्यातून बारा-तेराचा पाना आणि रॉकेलचं फडकं आणायला सांगितलं.